सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान : सफारीचे नियोजन

उत्तर टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात वन्यप्राणी पाहायला जाताना महिना, मुक्कामाचा भाग, वाहन, परवाने आणि आरोग्य यांची आधी करावी लागणारी जुळवाजुळव. उद्यानाचे क्षेत्रफळ १४,७६३ चौ. किमी., म्हणजे पुणे जिल्ह्याहून थोडेसेच कमी. ते १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. नाव मासाई भाषेतील ‘सिरिंगेट’ या शब्दावरून पडले आहे. अर्थ, जिला अंत नाही अशी सपाट जमीन. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द आहे आणि त्याचा अर्थ नुसता ‘प्रवास’. तो अरबीतून आला; आपली ‘सफर’ त्याच मुळातली.

सेरेंगेटीला जायचे ठरवताना पहिला प्रश्न हॉटेलचा किंवा विमानाच्या तिकिटाचा नसतो, तर त्या महिन्यात कळप कुठे असतील हा असतो. इथले सुमारे तेरा ते पंधरा लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबतचे दोन लाखांवर झेब्रे वर्षभर पावसामागे फिरत असतात. ही संख्या कायम अशीच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुळकांडीच्या साथीने पूर्व आफ्रिकेतील गुरे आणि रानातले खूरवाले प्राणी यांचा फडशा पाडला. पुढे उद्यानाभोवतीच्या पाळीव गुरांना लसी टोचल्या गेल्या, तेव्हा रानातूनही रोग हटला. १९६१ च्या सुमारास अडीच लाख असलेले विल्डबीस्ट १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांच्या घरात पोचले. गोठ्यातल्या गुरांना टोचलेल्या लसीने रान पुन्हा भरले, ही या उद्यानाच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे आणि तिथे जाणाऱ्याला ती ठाऊक असायला हवी.

कळपांचे वेळापत्रक : डिसेंबर ते मार्च कळप दक्षिणेकडच्या आखूड गवताच्या माळावर, न्डुटूच्या आसपास असतात. तिथल्या मातीत केरिमासी आणि ओल डोइन्यो लेंगाई या ज्वालामुखींची राख मिसळलेली आहे. खाली टणक थर असल्याने झाडांची मुळे खोल जात नाहीत. वर उगवणारे गवत मात्र कॅल्शियम आणि फॉस्फरसने संपन्न असते आणि दुभत्या माद्यांना नेमके तेच हवे असते. बहुतेक माद्या फेब्रुवारीच्या आसपास दोन-तीन आठवड्यांतच वितात. ओले पिल्लू जमिनीवर पडते, धडपडते, पाय फाकवून उभे राहते, पुन्हा कोसळते आणि काही मिनिटांत आईच्या मागे पळू लागते. तरस आणि चित्ते याच सुमारास तिथे गोळा झालेले असतात. पण एकाच वेळी इतकी पिल्ले जन्मतात, की खाऊन खाऊन ते किती खाणार!

मार्च ते मेच्या मोठ्या पावसात, ज्याला स्थानिक लोक ‘मसिका’ म्हणतात, कळप वायव्येला सरकतात. जूनच्या सुमारास ते पश्चिम पट्ट्यातल्या ग्रुमेती नदीकाठी असतात. जुलै ते ऑक्टोबर ते उत्तरेला, कोगाटेंडेच्या परिसरात. या टापूत बारमाही वाहणारी नदी एकच, मारा, आणि ऐन कोरड्या हंगामात पाणी तिथेच असते. नोव्हेंबरच्या छोट्या पावसाबरोबर, ‘वुली’बरोबर, ते पुन्हा दक्षिणेची वाट धरतात. पाऊस आठवडा-दोन आठवडे मागेपुढे झाला की हे सारे गणितही हलते. म्हणून ‘अमुक तारखेला नदी ओलांडताना दाखवतो’ असे कोणी सांगितले तर ते मानू नये.

मराठी कुटुंबांची अडचण इथेच येते. मुलांच्या सुट्ट्या मेमध्ये, आणि मे हा मसिकाचा महिना : वाटा चिखलाच्या, उत्तरेकडचे काही तंबू-मुक्काम बंद. दर उतरलेले असतात, माळ हिरवागार असतो आणि गाड्यांची गर्दी नसते, तेव्हा मे अगदीच टाकाऊ नाही. फक्त मुक्काम मध्यभागी, सेरोनेरात करावा. तिथे सिंह, बिबटे, हत्ती, जिराफ बाराही महिने असतात. नदीकाठच्या झाडांच्या आडव्या फांद्यांवर पाय लोंबते सोडून झोपलेला बिबट्या आणि ‘कॉपी’ म्हटल्या जाणाऱ्या ग्रॅनाइटच्या उंचवट्यांवर ऊन खात बसलेले सिंह ही सेरोनेराची खासियत. दिवाळी लवकर आली तर उत्तरेतले शेवटचे कळप मिळू शकतात. नाताळात दक्षिण गाठावी.

मार्ग व मुक्काम : बहुतेक प्रवासी किलिमांजारो विमानतळावर उतरून अरुशा शहरातून निघतात. अरुशा ते सेरोनेरा हे अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. कराटूवरून न्गोरोंगोरो विवराच्या कड्याने जाणारा रस्ता पुढे खडीचा आणि धुळीचा होतो, त्यामुळे पूर्ण दिवस मोडतो. नाबी हिलच्या फाटकावर कागदपत्रे होईतो थांबावे लागते. तेवढ्यात मागच्या टेकडीवर चढून यावे. खडकांवर लाल डोक्याचे, निळ्या अंगाचे सरडे बसलेले असतात आणि वरून माळ क्षितिजापर्यंत दिसतो. अरुशाहून छोट्या विमानानेही जाता येते. त्यात सामान साधारण १५ किलोपर्यंत आणि मऊ पिशवीतच चालते.

सात दिवसांत पाच उद्याने दाखवणाऱ्या योजना टाळाव्यात. सेरोनेराहून उत्तरेला जायलाच अर्धा दिवस लागतो. दररोज मुक्काम बदलणारा प्रवासी प्राण्यांपेक्षा रस्ताच जास्त पाहतो. सेरेंगेटीत किमान तीन रात्री, त्याही शक्यतो एकाच भागात, आणि जाता-येता न्गोरोंगोरोला एक रात्र, एवढे पुरे. ताडोब्यात सकाळची आणि दुपारची फेरी अशी वेळ वाटून दिलेली असते. इथे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत गाडी बाहेर ठेवता येते आणि जेवण डब्यात बरोबर असते. हा वेळ हाताशी असताना एका ठिकाणी दोन-दोन तास थांबणे परवडते.

खर्च : प्रवेश शुल्क दर २४ तासांना मोजले जाते. परदेशी प्रौढाला गर्दीच्या हंगामात साधारण ७० अमेरिकी डॉलर आणि त्यावर १८ टक्के कर असा हिशेब असतो. मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीचे शुल्क वेगळे. उद्यानांचा कारभार पाहणारी सरकारी संस्था, तानापा, दर वेळोवेळी बदलते, तेव्हा चालू वर्षाचे दरपत्रक पाहूनच अंदाज बांधावा. प्रवेशाची वेळ परवान्यावर छापलेली असते. ती उलटली की नवा दिवस लागतो, म्हणून परतीच्या सकाळी चालक घड्याळाकडे पाहत असतो. त्याला ‘आणखी पाच मिनिटे’ म्हणून अडवू नये. न्गोरोंगोरोतून नुसते पार जायलाही वेगळे शुल्क पडते आणि विवरात उतरायचे तर गाडीमागे आणखी मोठी रक्कम. ही सगळी शुल्के ठरलेल्या भावात धरली आहेत का, हे एजंटाकडून लेखी घ्यावे.

कागदपत्रे व आरोग्य : भारतीयांना टांझानियाचा ई-व्हिसा मिळतो. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी. पीतज्वराच्या प्रदेशातून प्रमाणपत्राशिवाय भारतात परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. पश्चिम पट्ट्यात आणि उत्तरेच्या झाडीत त्सेत्से माश्या असतात. त्या निळ्या-काळ्या रंगाकडे झेपावतात आणि कापडातूनही चावतात, म्हणून खाकी किंवा मातकट कपडे नेण्याची रीत आहे. सेरोनेरा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या आसपास असल्याने पहाटे स्वेटर लागतोच. प्लास्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात १ जून २०१९ पासून बंदी आहे. सामान बांधतानाच त्या काढून टाकाव्यात.

जेवणाची फारशी चिंता नको. चपाती हा तिथला रोजचा पदार्थ आहे आणि तिचे नावही ‘चपाती’च. राजम्यासारख्या घेवड्याची ‘महारागे’ शाकाहारी माणसाला चालते. गाडीला स्वाहिलीत ‘गारी’ म्हणतात आणि दुकानाला ‘दुका’; हिंदी महासागरावरच्या जुन्या व्यापाराच्या या खुणा. सिंहाला ‘सिम्बा’ म्हणतात, पण तो शब्द बांतू कुळातला. आपल्या सिंहाशी त्याचे साम्य योगायोगाचे.

वर्तन : वेगमर्यादा ताशी ५० किमी. ठरवून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरायचे नाही आणि वाट सोडून माळावर गाडी घालायची नाही. हे नियम मारा नदीच्या काठावर कसाला लागतात. कळप पलीकडच्या काठावर येतो, पुढचे जनावर पाण्याला तोंड लावते, दचकते, आणि मागचे हजारभर एकदम वळून उधळतात. असे तीन-तीन, चार-चार तास चालते. मग एक उडी मारते आणि धूळ, हंबरडे, पाणी यांत काही दिसेनासे होते. दरवर्षी सरासरी सहा हजारांवर विल्डबीस्ट या नदीत बुडून मरतात. मगरी, गिधाडे, मासे महिनोन् महिने त्यांच्यावर जगतात, आणि हे नदीचे नेहमीचे चक्र आहे. त्या चक्रात न बसणारी गोष्ट म्हणजे उतारावर आडवी लावलेली गाडी. चांगल्या फोटोसाठी काठाला गाड्या भिडवल्या, की वर चढणाऱ्या जनावरांना वाट उरत नाही; ती परत पाण्यात ढकलली जातात. चालकाला बक्षिसीच्या आशेने पुढे जावेसे वाटते, आणि मागे बसलेल्या प्रवाशाने ‘इथेच ठीक आहे’ म्हटले तर तो निमूट थांबतो. म्हणून हे त्याला पहिल्या दिवशीच सांगून ठेवावे : इंजिन बंद, गाडी काठापासून मागे, आणि शेवटचे पिल्लू वर चढून कळपात मिसळेपर्यंत हलायचे नाही.