न चिकटणारं चिकटलं कसं? नॉनस्टिक तव्याचा इतिहास आणि संशोधनाचा प्रश्न

पीएचडीच्या मुलाखतीत ‘तुमचा संशोधनप्रश्न काय?’ असं विचारलं की बरेच जण विषय सांगतात. विषय आणि प्रश्न यांतला फरक आज नॉनस्टिक तव्यावरून बघू. ‘नॉनस्टिकचा इतिहास’ हा झाला विषय. त्यात नेमकं काय शोधायचं, ते अजून ठरलेलं नाही.

नेहमी सांगितली जाते ती गोष्ट अशी. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट फ्रिजसाठीच्या वायूंवर काम करत होते. टेट्राफ्लुरोएथिलीनच्या एका सिलिंडरमधून वायू येईना. सिलिंडर रिकामा म्हणावा, तर वजन कमी झालेलं नव्हतं. म्हणून तो कापला. आत पांढरी, मेणचट पूड निघाली. तीच पुढे टेफ्लॉन म्हणून ओळखली गेली.

गोष्ट खरी आहे, पण ती ‘शोध कुणी लावला?’ एवढ्यावरच थांबते. आता प्रश्न बदला: कशालाच न चिकटणारा हा पदार्थ तव्याला चिकटला कसा?

लगेच आपण १९३८ मधून १९५४ मध्ये येतो, फ्रान्समध्ये. मार्क ग्रेगोआर हे अभियंते. त्यांनी ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग आम्लाने खरवडून त्यात अगदी बारीक खड्डे पाडले, वर टेफ्लॉन दिलं आणि भरपूर तापवलं. टेफ्लॉन त्या खड्ड्यांत रुतून बसलं. पत्नी कोलेत यांनी ‘हेच माझ्या पॅनला लाव’ असं सुचवलं, अशी आठवण सांगितली जाते. १९५६ मध्ये टेफाल कंपनी निघाली. म्हणजे पदार्थ सापडल्यापासून तो स्वयंपाकघरात यायला अठरा वर्षं लागली. आणि अडचण होती ती पकडीची.

तवा किती टिकेल, हे आजही बरंचसं त्या पकडीवर ठरतं. तारेच्या घासणीने, धातूच्या उलथन्याने थर निघतो. साधारण २६० अंश सेल्सियसच्या वर तो खराब व्हायला लागतो, आणखी तापला तर निघणारा धूर माणसाला त्रास देतो, पाळीव पक्षी तर मरतात. मोठ्या आचेवर रिकामा तवा काही मिनिटांत तिथवर पोचतो. म्हणून फोडणीसाठी नॉनस्टिक भांडं रिकामं तापवू नका, तेल आधीच घाला. तेल धुरावलं की आच कमी करा. घेताना जाड, सपाट बुडाचं घ्या, पातळ बूड एकाच जागी तापतं आणि तिथेच करपतं. करपलंच, तर भांडं निवू द्या, मग कोमट पाण्यात भिजत ठेवा. गरम भांड्यावर गार पाणी ओतलं की बूड वाकतं.

इथे कल्हई आठवते का? तीही धातूवरचा थरच. कथिल २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे कल्हईचं भांडंही रिकामं तापवून चालत नाही. फरक एवढाच की कल्हई गेली की कल्हईवाला ती पुन्हा करून द्यायचा. नॉनस्टिकचा थर गेला की आपण तवाच टाकून देतो. ‘टिकाऊ’ या शब्दाचा अर्थच इथे बदलला, आणि हा एक स्वतंत्र संशोधनप्रश्न होऊ शकतो.

आता तोच प्रश्न कारखान्यात न्या. टेफ्लॉन बनवताना ड्यूपाँट १९५१ पासून पीएफओए नावाचं रसायन वापरत होती. वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यातून ते आसपासच्या पिण्याच्या पाण्यात गेलं. जवळच्या एका शेतकऱ्याच्या गाई मरत होत्या, त्याच्या वतीने वकील रॉब बिलट यांनी १९९९ मध्ये दावा लावला. पुढे सुमारे ६९,००० लोकांची माहिती गोळा झाली, आणि शास्त्रज्ञांच्या समितीने मूत्रपिंड व वृषणाच्या कर्करोगासह सहा आजारांशी या रसायनाचा संभाव्य संबंध असल्याचं सांगितलं. तव्याला न चिकटणारं काहीतरी बनवताना वापरलेलं रसायन माणसांच्या रक्तात मात्र वर्षानुवर्षं राहिलं.

गंमत बघा, फक्त स्वयंपाकघरापुरता विचार केला असता, तर ही माणसं आपल्या इतिहासात आलीच नसती. प्रश्न कुठे थांबवायचा हे आपण ठरवतो, आणि कोण दिसणार आणि कोण नाही, हेही त्याबरोबरच ठरतं.

जाता जाता एक गृहपाठ. दुकानात ‘पीएफओए-मुक्त’ असं लेबल दिसेल. ते साधन म्हणून वाचा. ते कुठल्या वादाला दिलेलं उत्तर आहे? त्यातून तव्याचा टिकाऊपणा कळतो का? नाही कळत. पीएफओएच्या जागी काय वापरलं, हे तरी कळतं का? तेही नाही. लेबल काय सांगत नाही, त्याची यादी करा. तुमचा संशोधनप्रश्न बहुधा त्याच यादीत सापडेल.