आकाशाचे वेळापत्रक

देवयानीतील दीर्घिका कोणत्या रात्री, किती वाजता पाहावी, हे दुर्बिणीपाशी जाण्यापूर्वीच ठरवावे लागते. तारे रोज सुमारे ४ मिनिटे, म्हणजे महिन्याला २ तास, आधी उगवतात; शिवाय चांदणे टाळावयाचे असते. नाक्षत्रकाल ताऱ्याच्या विषुवांशाइतका झाला की तो याम्योत्तरवृत्तावर येतो. पण हे आकडे अचूक हवेत. आणि आपल्याकडे तर पंचांगा-पंचांगांतच मेळ नव्हता! १९५२ साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्ष होते डॉ. मेघनाद साहा, सभासदांत नागपूरचे के. ल. दप्तरी व पुण्याचे ज. स. करंदीकर होते. समितीच्या शिफारशीनुसार कलकत्त्यास गणिताचे स्वतंत्र कार्यालय निघाले आणि १९५८ या वर्षासाठीचे पहिले भारतीय खगोल-पंचांग तेथे सिद्ध झाले. ते पाहावयास साहा मात्र राहिले नव्हते. फेब्रुवारी १९५६ मध्येच ते निवर्तले. आकाशाचे वेळापत्रक मात्र देशाच्या हाती आले होते.