मोडलेली माणसे आणि केडगावचे मुक्तिसदन

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या खानदेशी लोकांना दुष्काळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा ‘छप्पन्या’ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. दुष्काळात मेलेल्यांचा हिशेब सरकारदरबारी लागतो. परंतु जे जगतात आणि आतून मोडून जातात, त्यांना कोणी उभे करायचे? या प्रश्नाला पंडिता रमाबाईंनी दिलेले उत्तर आज आपण पाहू.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण थोड्या काळात गेली. पुढे कलकत्त्यात विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती. पदरी तान्ही मनोरमा राहिली. तेव्हा मोडलेपण म्हणजे काय, हे त्यांना ग्रंथांतून शोधावे लागले नाही.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी प्रेमाने सांभाळीत, असे त्यांनी पाहिले. पतितेला शिक्षा सांगणारे पुष्कळ असतात. तिला पुन्हा माणसांत आणणारे त्यांना येथे भेटले. यामागची प्रेरणा त्यांनी विचारली, तेव्हा विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी येशू बोलला, ती कथा त्यांच्यापुढे आली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. येथेच वादाला तोंड फुटले. सदनात धर्माचा उपदेश करावयाचा नाही, असे ठरले होते. परंतु रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा आक्षेप पोकळ होता असे आम्ही म्हणणार नाही. निराधार मुलीला अन्न देणाऱ्याचा धर्म तिला सहज आपला वाटू लागतो, आणि तेथे तिची स्वतंत्र निवड किती, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे. पण दुसरा प्रश्नही तितकाच खरा आहे: त्या मुलींसाठी आपल्या समाजाने तोपर्यंत कोणते दार उघडे ठेवले होते?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई सातपुड्यापलीकडे मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. छप्पन्यात गुजरातेतून आणखी आल्या. केडगावच्या मुक्तिसदनातील वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. नुसत्या प्रार्थनेवर हा संसार चालला नाही. विणकाम, शेती, छापखाना, स्वयंपाक, अक्षरओळख, प्रत्येकीच्या हाताला काम होते. अंध मुलींना ब्रेल शिकविली जाई. पतितांसाठी कृपासदन वेगळे होते. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते केडगावच्या स्त्रियांनीच छापले. १९२१ मध्ये मनोरमा गेली, १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

शारदासदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. त्यांनी धर्म बदलला नाही. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई झाल्या, आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. एका दिव्यावर दुसरा दिवा लागतो, तेव्हा तेल कोणत्या घरचे हे ज्योत विचारीत नाही.

रमाबाईंची आशा ख्रिस्तावरील श्रद्धेतून आली, हे लपविण्याचे कारण नाही. ती श्रद्धा आपली असो वा नसो, मोडलेल्या माणसाला ‘सोस’ म्हणण्याऐवजी त्याच्या हाती काम, पुढ्यात भाकर आणि जवळ माणूस देणे, एवढे तरी आपल्या प्रत्येकाच्या आवाक्यात आहे.