सांताक्रूझचा हवाई तळ आणि दूरदेशीच्या स्मृतिशिळा

पवई तलावाच्या नैऋत्येस, साकीनाका आणि मरोळ यांच्या पलीकडे पसरलेला मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ मुळात ब्रिटिश हवाई दलाचा, म्हणजे रॉयल एअर फोर्सचा, लष्करी तळ होता. जुहूचे विमानक्षेत्र १९२८ पासून वापरात असले, तरी सुमारे दीड हजार एकरांचा आणि तीन धावपट्ट्यांचा सांताक्रूझचा तळ त्याहून बराच मोठा होता आणि १९४२ ते १९४७ या काळात त्या दलाच्या अनेक स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या स्वतंत्र तुकड्या, तेथे वास्तव्यास होत्या. इंग्लंडातून आलेल्या वैमानिकाच्या दृष्टीने हा सातासमुद्रापलीकडचा तळ होता आणि अशा तळावर मृत्यू केवळ शत्रूच्या गोळीने येत नसे. सरावातले अपघात आणि आजारपण यांचाही त्यात वाटा असे. या मृतांची स्मृती कोठे जतन झाली, याचा शोध मात्र मुंबईच्या उपनगरांतून पार पुण्याकडे आणि तेथून सिंगापूरपर्यंत नेतो.

ब्रिटिश साम्राज्यातील युद्धमृतांच्या कबरींची व्यवस्था १९१७ मध्ये सनद मिळालेल्या इम्पिरिअल वॉर ग्रेव्हज कमिशनकडे होती, ज्याचे नाव १९६० पासून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन असे झाले. मृतदेह मायदेशी न्यायचा नाही, प्रत्येकाचे नाव कायमचे कोरायचे आणि हुद्दा, वंश वा धर्म यांवरून शिळांमध्ये भेद करायचा नाही, ही या आयोगाची मूळ तत्त्वे होत. पश्चिम व मध्य भारतातील ज्या कबरींची कायम निगा राहील अशी खात्री नव्हती, त्या दुसऱ्या महायुद्धातील कबरी एकत्र आणण्यासाठी पुण्याजवळ खडकी येथे युद्ध स्मशानभूमी उभारली गेली आणि तेथे त्या युद्धातील १,६६८ दफने आहेत. पहिल्या महायुद्धातील ६२९ सैनिकांचे अवशेषही मुंबईच्या शिवडी स्मशानभूमीतून जून १९६२ मध्ये तेथेच हलवण्यात आले, म्हणजे मुंबईत पुरलेले परदेशी सैनिक मृत्यूनंतर चार दशकांहून अधिक काळाने घाट चढून गेले. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा असला, तरी मृत्यूचे ठिकाण आणि स्मृतीचे ठिकाण यांची त्यामुळे कायमची ताटातूट झाली, हेही खरे.

ज्यांचा देहच सापडला नाही अशा हवाई सैनिकांची गोष्ट याहून वेगळी आहे. दक्षिण व पूर्व आशियाच्या आकाशात आणि भोवतालच्या समुद्रांवर नाहीशा झालेल्यांची नावे, उड्डाण कोणत्याही तळावरून झालेले असो, सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर कोरलेली आहेत. २ मार्च १९५७ रोजी अनावरण झालेल्या आणि चोवीस हजारांहून अधिक नावे धारण करणाऱ्या या स्मारकाचे छप्पर वास्तुविशारद कॉलिन सेंट क्लेअर ओक्स यांनी विमानाच्या पंखासारखे योजले.

इंग्लंडातून मुंबईच्या तळावर आलेल्या या वैमानिकांच्या नेमक्या उलट दिशेने गेलेला मुंबईकर म्हणजे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई सेवेत वैमानिक म्हणून लढलेल्या मोजक्या भारतीयांत हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय आणि एरॉल चंदर सेन यांच्यासह त्यांची गणना होते. २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन हे एकआसनी लढाऊ विमान चालवणारे वेलिणकर जून १९१८ च्या अखेरीस फ्रान्समधील आघाडीवर पाडले गेले आणि ३० जून रोजी जर्मनांच्या कैदेत मरण पावले. जर्मनांनी कबरीवर त्यांचे नाव इतके चुकीचे लिहिले होते की ओळख पटायला बराच काळ गेला. आज त्यांची कबर हांगार येथील स्मशानभूमीत आहे. आयोगाच्या शिळेच्या तळाशी मृताच्या कुटुंबाला जास्तीत जास्त ६६ अक्षरांची ओळ कोरून घेता येई आणि त्यासाठी आरंभी अक्षरामागे साडेतीन पेन्स मागितले जात. वेलिणकरांच्या शिळेवरील इंग्रजी ओळ त्यांना साम्राज्याच्या शूर पुत्रांत गणते, तर तीन आठवड्यांनी, २२ जुलै रोजी मारल्या गेलेल्या इंद्रलाल रॉय यांच्या एस्तेव्हेल येथील कबरीवर बंगाली मजकूर आहे. एकाच पिढीतील दोन घराण्यांनी आपला मुलगा कोणाच्या भाषेत आठवायचा याची दिलेली ही दोन उत्तरे आहेत आणि त्यांपैकी एकाला अधिक देशाभिमानी ठरवणे घाईचे होईल.

वेलिणकरांचे नाव शिळेवर आले यामागे आयोगाच्या समतेच्या तत्त्वाइतकाच त्यांचा अधिकारी हुद्दा आणि युरोपातील मृत्यूही कारणीभूत होते. फ्रान्समधील न्यूव्ह शापेल येथे १९२७ मध्ये उभारलेल्या भारतीय स्मारकावर साध्या शिपायांचीही नावे आहेत, परंतु इराकमधील बसरा स्मारकावर भारतीयांपैकी केवळ अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि शिपायांची त्यांच्या पलटणींखाली निव्वळ संख्या देण्यात आली. पहिल्या महायुद्धानंतर आफ्रिका, आशिया व मध्यपूर्वेतील किमान ४५ हजार मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, असा निष्कर्ष आयोगाच्याच समितीने २०२१ मध्ये काढला आणि आयोगाने त्याबद्दल जाहीर माफी मागितली.