प्रवाशाचा पैसा आणि ओळखीचा प्रश्न

अठराव्या शतकात युरोपच्या दौऱ्यावर निघालेल्या इंग्रज प्रवाशापुढे पेच असे. सोन्याची नाणी सोबत बाळगावीत तर वाटमारीचे भय. न बाळगावीत तर परमुलखात पैसा मिळावा कसा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या सोडवणुकीचा मागोवा घेतला असून, खरी अडचण पैशाच्या वहनाची नसून प्रवाशाच्या ओळखीची होती, असे प्रतिपादन केले आहे.

तत्कालीन रूढ साधन पतपत्र हे होते. लंडनचा पेढीवाला परदेशातील आपल्या परिचित पेढीवाल्याच्या नावे ते लिहून देई. रक्कम त्याच पेढीवर मिळे. प्रवाशाने वाट बदलल्यास पत्र निरुपयोगी ठरे. शिवाय असे पत्र मिळण्यास मुळात पेढीवाल्याशी संबंध असावा लागे. आपल्याकडील शाहजोग हुंडीची रक्कमही बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच अदा केली जाई. दोन्ही व्यवहारांत अनोळखी माणसाला ओळखीच्या मध्यस्थाची गरज होती.

१७७० च्या दशकाच्या प्रारंभी स्कॉटिश बँकर रॉबर्ट हेरीज यांनी लंडनहून ‘सर्क्युलर नोट’ प्रचारात आणली. ठरावीक रकमेची ही नोट एकाच पेढीशी बांधलेली नसून युरोपातील अनेक शहरांतील प्रतिनिधींकडे वटत असे. एकोणिसाव्या शतकात रूढ झालेल्या पद्धतीनुसार तिच्यासोबत प्रवाशाच्या सहीचे ओळखपत्र दिले जाई. नोटा व पत्र वेगवेगळे ठेवल्यास केवळ नोटा चोरणाऱ्याला त्यांचा उपयोग नसे.

पुढची पायरी अमेरिकेत गाठली गेली. अमेरिकन एक्सप्रेस कंपनीचे अध्यक्ष जेम्स फार्गो यांना युरोपात पतपत्रे वटविताना त्रास झाला. त्यांच्या सूचनेवरून कंपनीचे अधिकारी मार्सेलस बेरी यांनी १८९१ मध्ये प्रवासी धनादेशाची योजना आखली. खरेदी करताना एक सही आणि वटविताना दुसरी. दोन्ही जुळल्या की रक्कम मिळे. स्वतंत्र ओळखपत्राचे काम धनादेशानेच केले.

ओळखीची ही वाटचाल व्यक्तीकडून कागदाकडे आणि कागदाकडून सहीकडे झाली. त्यामुळे विश्वासाची गरज संपली नाही. तो पेढीवाल्याच्या वैयक्तिक परिचयावरून संस्थेच्या हमीवर स्थिरावला. ज्याच्यामागे नामांकित पेढी नाही, अशा सामान्य प्रवाशालाही परदेशात पत मिळू लागली, हे या स्थित्यंतराचे सामाजिक फलित होय.