ब्रेस्लोची मोजपट्टी

माझ्या एका मित्राच्या तळपायावर काळा डाग होता. बूट घासून झाला असेल म्हणून त्याने दोन वर्षं लक्षच दिलं नाही. परवा बायॉप्सीचा रिपोर्ट आला: मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. खाली एक ओळ: 'ब्रेस्लो जाडी १.१ मिमी'.

मित्र माझ्यासारखाच प्रोग्रॅमर. म्हणाला, "अरे, लोक अख्खा जीनोम वाचतात आणि माझं भविष्य मिलिमीटरमध्ये? कोण हा ब्रेस्लो?"

शनिवार त्यातच गेला. तर मंडळी, गोष्ट अशी.

१९६९ साली वॉलेस क्लार्क यांनी मेलानोमाच्या पाच पायऱ्या केल्या. गाठ त्वचेच्या कुठल्या थरापर्यंत उतरलीय, त्यावरून पायरी ठरायची. कल्पना छान, पण दोन थरांमधली सीमा मायक्रोस्कोपखाली नेहमीच स्पष्ट दिसते असं नाही. एकच स्लाइड दोन डॉक्टरांनी पाहिली की दोन उत्तरं यायची.

पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, वॉशिंग्टनच्या अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी थरांचा वाद बाजूला ठेवून सरळ जाडी मोजली. मायक्रोस्कोपच्या भिंगात बारीक मोजपट्टी बसवली आणि त्वचेच्या कणदार थरापासून सगळ्यात खोल कॅन्सरपेशीपर्यंतचं अंतर घेतलं. (तळपायाची वरची निबर कातडी त्यात धरत नाहीत.) रुग्ण होते ९८. ज्यांची जाडी ०.७६ मिमीपेक्षा कमी, त्यांच्यापैकी एकाचाही आजार पाच वर्षांत उलटला नाही.

बास, एवढंच! पण कोणीही मोजलं तरी उत्तर साधारण तेच येतं, आणि आपल्या धंद्यात त्याची किंमत आपण जाणतो.

पुढे भर पडत गेली. वरची त्वचा फुटून व्रण झालाय का, हे बघू लागले. १९९२ साली डोनाल्ड मॉर्टन यांनी रंग टोचून सगळ्यात पहिली लिम्फची गाठ शोधायची पद्धत मांडली. अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सरच्या नियमांच्या सातव्या आवृत्तीत पातळ मेलानोमासाठी क्लार्कच्या पायऱ्या गेल्या आणि विभागणाऱ्या पेशींची मोजणी आली. आठव्या आवृत्तीत टप्पा ठरवण्यातून तीही गेली. मोजपट्टी मात्र अजून जागेवर आहे.

मग जनुकांचं काय? २००२ साली बीआरएएफ जनुकातला बिघाड सापडला. त्वचेच्या साधारण निम्म्या मेलानोमांत तो असतो, तळपायाच्या मेलानोमात बराच कमी. त्याचा मुख्य उपयोग औषध निवडायला. भविष्य सांगायला वेगळ्या चाचण्या निघाल्या. त्यातली एक गाठीतल्या ३१ जनुकांची हालचाल बघून धोका कमी की जास्त ते सांगते. पण २०१९ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने म्हटलं, की सरसकट सगळ्यांना करायला पुरेसा पुरावा नाही. खरा प्रश्न असा, की जाडी, व्रण आणि लिम्फची गाठ कळल्यावर ही चाचणी नवीन काय सांगते? आणि त्याने उपचार बदलणार आहे का?

हे सगळं मी मित्राला फोनवर ऐकवलं. त्याने शांतपणे विचारलं, "म्हणजे मी वाचणार ना?"

काय सांगणार? मोजपट्टी असो वा जनुकं, ती अशा शंभर जणांबद्दल बोलतात. त्या शंभरातला हा कोणता, ते दोघींनाही ठाऊक नाही. १.१ म्हणजे खूप जाड नाही, एवढंच बोललो. बुधवारी त्याच्या जांघेतली पहिली गाठ काढून तपासणार आहेत. मी रजा टाकलीय.

असो. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत हा कॅन्सर कमी, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. आज मोजे काढाल तेव्हा एकदा तळपाय बघा.