दाबोळीची धांवपट्टी

पुण्याजवळच्या दिघी गांवाला विमानाचा आवाज नवा नाहीं. लोहगांवचा विमानतळ त्याच्या शेजारींच आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजीं सकाळीं पुण्याहून बारा कॅनबेरा बॉम्बफेकी विमानें गोव्याकडे गेलीं. दाबोळी येथील पोर्तुगीजांची धांवपट्टी निकामी करणें हें त्यांचें काम. इमारतींना मात्र धक्का लावावयाचा नाहीं, असा हुकूम होता. त्याप्रमाणें धांवपट्टी उखडली गेली व इमारती शाबूत राहिल्या. तथापि पोर्तुगीजांचीं दोन प्रवासी विमानें रात्रीं उरल्यासुरल्या पट्टीवरून निसटून गेलींच! आंखूड जागेवरून विमान उडविण्याची ही विद्या पुढें त्याच माळावर नेमानें शिकविली जाईल, हें त्या रात्रीं कोणाच्या ध्यानींमनींही नसेल.

भारतीय नौदलाच्या विमानविद्येचा आरंभ कोचीनचा. तेथें ११ मे १९५३ रोजीं 'गरुड' हा तळ स्थापन झाला. जेट विमानांचें शिक्षण मात्र कोईमतूरजवळ सुलूर येथें चाले. त्या तळाला ५ सप्टेंबर १९६१ रोजीं 'हंस' हें नांव मिळालें. दोनच महिन्यांनीं 'विक्रांत' ही विमानवाहू युद्धनौका मुंबईस आली. दाबोळी १९६२ च्या एप्रिलांत नौदलाच्या हातीं आली आणि १९६४ सालीं 'हंस' सुलूर सोडून तेथें उतरला. लढाऊ विमानांच्या शिकाऊ वैमानिकांना तयार करणारें ५५१ क्रमांकाचें पथक तें याच तळाचें. लढाऊ पथकांचे क्रमांक तीनशेंच्या घरांतले, शिक्षणाचे साडेपांचशेंच्या पुढचे. वर्तमानपत्रांत नांव येतें तें बहुधा पहिल्यांचेंच.

हें शिक्षण इतकें कठीण कां, हें समजण्यास लोहगांवचीच पट्टी आठवावी. ती आठ हजार फुटांवर लांब आहे. 'विक्रांत'ची शेंड्यापासून बुडख्यापर्यंत सारी लांबी सातशें फूट, उतरावयाची जागा त्याहून पुष्कळच कमी. आणि तीही लाटांवर हेलकावे खात पुढें सरकणारी. विमानाच्या शेपटाखालीं एक आंकडा असतो. डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकीं एक त्यांत अडकली म्हणजे विमान क्षणार्धांत थांबतें. जमिनीवर उतरणारा वैमानिक चाकें टेंकतांच जोर कमी करतो. जहाजावर उतरणारानें नेमका त्याच क्षणीं यंत्राला पूर्ण जोर द्यावयाचा असतो, कारण तार हुकली तर पुनः आकाश गांठण्यावांचून गति नाहीं! माणसाची उपजत बुद्धि सांगते थांब, आणि शिक्षक सांगतो धांव. ही संवय एका दिवसांत लागत नाहीं. म्हणून आधीं जमिनीवरच डेकची आंखणी करून शिकाऊ वैमानिकानें पुनः पुनः उतरावयाचें, आणि मग समुद्र.

१९८३ सालीं सी हॅरियर विमानें आलीं. तीं जागच्या जागीं उभीं उतरत. त्यांना ना तार ना आंकडा. पण त्यांचें शिक्षण आणखीच बिकट निघालें. पहिले वैमानिक त्यासाठीं इंग्लंडांत योव्हिल्टन येथें गेले. पुढें ५५१ च्याच एका तुकडीनें दाबोळीस हें काम उचललें व २००५ सालीं तिचें ५५२ क्रमांकाचें स्वतंत्र पथक झालें. सुमारें तीस हॅरियरांपैकीं निम्म्याहून अधिक अपघातांत नष्ट झालीं. सरावाच्या उड्डाणांतही वैमानिक प्राणांस मुकले. मूळच्या ५५१ पथकाकडे किरण विमानें होतीं. २०१३ पासून हॉक आलीं.

दाबोळीवर आणखी एक झगडा वर्षानुवर्षें चालला. आठवड्याच्या कामाच्या दिवशीं सकाळचे तास नौदलाच्या सरावासाठीं राखलेले. त्यामुळें प्रवासी विमानांना दुपारची वाट पहावी लागे आणि गोव्याचे हॉटेलवाले हळहळत. त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण सकाळच्या त्या तासांवर कोणाचा तरी जीव अवलंबून असे, हेंही खोटें नव्हतें. २०२३ च्या जानेवारींत मोपा येथील विमानतळ सुरू झाला, तेव्हां हा ताण कांहींसा सैल झाला.

आतां दाबोळीस जमिनीवरच जहाजाच्या डेकची प्रतिकृति उभी आहे. पुढें चढत गेलेला उतार आहे, ताराही आहेत. देशांत बनलेलें नौदलाचें तेजस विमान २०१४ च्या डिसेंबरांत त्याच उतारावरून उडालें आणि २०१९ सालीं तेथल्याच तारेंत अडकून थांबलें. त्यानंतर ११ जानेवारी २०२० रोजीं कमोडोर जयदीप मावळणकर यांनीं तें 'विक्रमादित्य'च्या डेकवर, भर समुद्रांत उतरविलें.